लायसन्स दोघांकडे, चॅनल एकच

लायसन्स घेतलं की ती फ्रिक्वेन्सी आपली, असं धरून ३६५० मेगाहर्ट्झमध्ये उतरलेली माणसं मी बरीच पाहिलीत. त्यांना दोष तरी काय देणार, इतर बहुतेक बँडमध्ये तसंच असतं, मोबाईल कंपन्या लिलावात अब्जावधी डॉलर मोजतात ते दुसऱ्याला तिथून हाकलता यावं म्हणूनच ना. पण अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, ३६५० ते ३७०० हा जो पन्नास मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली वायरलेस इंटरनेटवाल्यांसाठी मोकळा केला त्याचं लायसन्स वेगळंच होतं. जो मागेल त्याला मिळायचं. देशभर चालायचं, मुदत दहा वर्षं, किती जणांना द्यायचं याला मर्यादा नाही, आणि लायसन्स हातात आल्यावर प्रत्येक टॉवर तेवढा त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंदवायचा. बस्स. आधी आलेल्याचा हक्क जास्त असं कुठेही नव्हतं. तुम्ही तीन वर्षं घाम गाळून ग्राहक जमवलेत आणि काल आलेल्या माणसाने समोरच्या टेकडीवर तोच चॅनल लावला तर कायद्याच्या नजरेत दोघे सारखेच.

आणि भांडण झालं तर? तर नियमात एक वाक्य होतं, त्याचा मतलब असा की एकमेकांना त्रास होणार नाही अशा बेताने टॉवर लावा, त्रास झालाच तर सहकार्य करा आणि दोघांना पटेल असा तोडगा काढा. मी अशाच एका लहान कंपनीचं नेटवर्क बघते, ग्रामीण भाग, लांब लांब घरं, फायबर कोणी टाकायला येत नाही असा मुलूख, आणि या एका वाक्यावर मी जेवढे फोन केलेत तेवढे घरच्यांनाही केले नसतील.

तरीही एफसीसीचा हेतू चांगला होता असं माझं मत आहे, ते आधीच सांगून टाकते. त्या वेळी लहान प्रोव्हायडर सगळे फुकटच्या बँडवर जगत होते, ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ, ५.८ गिगाहर्ट्झ. १९८५ साली एफसीसीने हे बँड विनालायसन्स रेडिओंना खुले केले आणि तिथूनच पुढे वायफाय जन्माला आलं, पण तिथला नियम म्हणजे दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास मुकाट सोसायचा. बेबी मॉनिटर, कॉर्डलेस फोन, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळं तिथेच. लिलावात बोली लावायची ऐपत नाही आणि फुकटच्या बँडमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, अशा लोकांसाठी हा मधला मार्ग होता. फी नाममात्र, पण शेजारी कोण आहे ते निदान डेटाबेसमध्ये दिसणार. शिवाय आधीपासून तिथे असलेल्यांना धक्का नको म्हणून सॅटेलाइटच्या जमिनीवरच्या काही स्टेशनांभोवती दीडशे किलोमीटर आणि सरकारी रडारच्या तीन ठिकाणांभोवती ऐंशी किलोमीटरचं वर्तुळ आखून दिलं होतं, त्यांच्या परवानगीशिवाय आत यायचं नाही. म्हणजे बघा, सरकारी रडारला आणि सॅटेलाइटवाल्यांना किलोमीटरमध्ये मोजून संरक्षण, आणि आम्हाला एकमेकांपासून काय, तर सहकार्य करा.

आता हा त्रास नेमका दिसतो कसा, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं सिग्नल कमी-जास्त होत असेल, टॉवर जवळ आणला की झालं. तसं नाहीये. वीस मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये निसर्गतःच जो खरखराट असतो तो रिसीव्हरचा स्वतःचा आवाज धरून साधारण उणे ९६ डीबीएमच्या आसपास. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल दुबळा. ग्राहकाचा सिग्नल टॉवरला उणे ६५ ने मिळतोय समजा. मधलं अंतर एकतीस डेसिबल, मजेत २५६ क्वाम हे दाट मॉड्युलेशन चालतं, प्रत्येक सिंबॉलमागे आठ बिट. आता कुणीतरी शेजारी आला आणि खरखराट उणे ८० पर्यंत चढला. ग्राहकाच्या घरी काहीही बदललेलं नाही, त्याच्या रेडिओवर सिग्नलचे आकडे तेच, पण टॉवरच्या बाजूला अंतर पंधरा डेसिबलवर आलंय आणि मॉड्युलेशन धाडकन चार बिटांवर, कधी दोनवर. स्पीड निम्मा किंवा त्याहून खाली. आणि संध्याकाळी सगळे घरी आले की रांग.

यात एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते. तक्रार येते ती अशी की डाऊनलोड बरा चालतोय, व्हिडिओ कॉल मात्र तुटतो. मग सपोर्टवाला राऊटर बदलून देतो, केबल बदलतो, फरक शून्य. कारण मार खाल्लेला असतो अपलिंकने, म्हणजे टॉवरच्या कानांनी. ग्राहकाची अँटेना छपरावर, झाडांच्या आड, अरुंद बीमची, तिला आपल्या टॉवरशिवाय फारसं काही ऐकूच येत नाही. टॉवर मात्र उंच, त्याला सगळा मुलूख दिसतो आणि म्हणून सगळा मुलूख ऐकूही येतो. हिशोबच करून बघा की. वीस मेगाहर्ट्झच्या चॅनलवर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त वीस वॉट ईआयआरपी (अँटेनाचा जोर धरून बाहेर पडणारी पॉवर), म्हणजे ४३ डीबीएम. दोन टॉवर एकमेकांना थेट दिसतायत, मध्ये वीस किलोमीटर, या फ्रिक्वेन्सीला तेवढ्या अंतरात मोकळ्या हवेतला लॉस सुमारे १३० डीबी. माझ्या सेक्टरचा, म्हणजे टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनाचा, गेन १७. बेरीज-वजाबाकी केली की उणे ७०. वीस किलोमीटरवरचा परका टॉवर, ज्याचा माझ्याशी काडीचा संबंध नाही, माझ्या स्वतःच्या ग्राहकापेक्षा जेमतेम पाच डेसिबलने खाली. कानाशी कोणीतरी ओरडतंय आणि आपण पलीकडच्याची कुजबुज टिपायचा प्रयत्न करतोय, तसलं काम.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो लायसन्समध्ये नाही, घड्याळात आहे. हे रेडिओ टीडीडी असतात, एकाच चॅनलवर आधी टॉवर बोलतो मग ग्राहक बोलतात, पुन्हा टॉवर. समजा पाच मिलिसेकंदांची एक फ्रेम, त्यातला पाऊण भाग डाऊनलिंक, म्हणजे टॉवरचं बोलणं, पाव भाग अपलिंक. आता दोन्ही टॉवर जीपीएसच्या सेकंदाच्या टिकटिकीवर बांधले, फ्रेम एकाच क्षणी सुरू केली आणि वाटणी सारखी ठेवली, तर दोघे एकाच वेळी बोलतील आणि एकाच वेळी ऐकतील. मी ऐकत असताना तो टॉवर गप्पच असेल, त्याचे उणे ७० मग मला बाधतच नाहीत. वीस किलोमीटर यायला रेडिओ लहरीला ६७ मायक्रोसेकंद लागतात, तेवढी मोकळी फट फ्रेममध्ये ठेवावी लागते, पण ते जमतं. नवा स्पेक्ट्रम नको, नवी अँटेना नको. दोन आकडे जुळवायचे, फ्रेमची लांबी आणि वाटणी.

आणि नेमक्या या दोन आकड्यांवर माणसं अडून बसतात.

आमच्या शेजारी एक ऑपरेटर आला. नाव नको. त्याने आमच्या समोरासमोर सेक्टर लावला, चॅनल तोच. नोंदणीत बघितलं तर त्या अँटेनाची दिशा लिहिलेली वेगळी आणि प्रत्यक्षात ती बघत होती सरळ आमच्याकडे. आमचा माणूस टॉवरवर चढला, स्पेक्ट्रम ॲनालायझर लावला, आमचा सेक्टर पाच मिनिटं बंद केला, तर स्क्रीनवर त्यांची कुबड स्वच्छ दिसते, वीस मेगाहर्ट्झ रुंद, सपाट माथा. फोटो काढून पाठवला. त्यांचा इंजिनिअर चांगला होता हो, बोलायला सरळ. त्याने सांगितलं की त्यांचे बहुतेक ग्राहक धंदेवाले, सिक्युरिटी कॅमेरे, सगळा माल अपलोडचा, म्हणून त्यांची वाटणी पन्नास-पन्नास. आमची घरगुती गिऱ्हाइकं, दिवसभर व्हिडिओ बघणारी, आमची पंचाहत्तर-पंचवीस. आम्ही पन्नासवर गेलो तर संध्याकाळी लोक बोंबलणार, ते पंचाहत्तरवर आले तर त्यांचे कॅमेरे अडकणार. जीपीएस दोघांकडे होतं, पण फ्रेमचा मधला पाव भाग असा राहायचा की ते ऐकतायत आणि आम्ही बोलतोय. तेव्हा मार त्यांना बसायचा, आम्हाला नाही! हे आकडे कागदावर मांडले तेव्हा लक्षात आलं की वाटण्या अशाच राहिल्या आणि फक्त फ्रेमची सुरुवात जुळवली तर त्रास एकतर्फी होतो, आणि जास्त अपलोड मागणाराच त्यात भरडला जातो. म्हणजे घड्याळं जुळवून देण्यात आमचा फायदा होता, त्यांचा अर्धामुर्धाच. साहजिकच त्यांनी घाई केली नाही.

शेवटी काय केलं, तर चॅनल चिरला. त्या एका दिशेपुरते दहा-दहा मेगाहर्ट्झ वाटून घेतले, त्यांनी अँटेना थोडी खाली झुकवली, आम्ही लांबचे काही ग्राहक दुसऱ्या टॉवरवर हलवले. दोघांची क्षमता तिथे निम्मी झाली. दोघांना पटेल असा तोडगा तो हाच. एफसीसीकडे जायचा विचार आला नाही असं नाही, पण तिथे जाऊन मागणार काय? नोंदीतली ती दिशा सोडली तर दोघेही नियमात बसत होतो.

आणखी एक भानगड होती, ती उपकरणांच्या जातीची. या बँडमध्ये दोन प्रकारचे रेडिओ. एक वायफायच्या घराण्यातले, बोलायच्या आधी ऐकणारे, कोणी बोलत असेल तर थांबणारे. दुसरे वायमॅक्ससारखे, ज्यांचं वेळापत्रक ठरलेलं, ते कोणाचं ऐकत बसत नाहीत. एफसीसीचा आग्रह होता की पन्नासच्या पन्नास मेगाहर्ट्झ वापरायचे असतील तर रेडिओने वेगळ्या तंत्राच्या शेजाऱ्यालाही ओळखून वाट दिली पाहिजे, नाहीतर खालचे पंचवीसच मिळतील, ३६५० ते ३६७५. कागदावर छान. खालच्या अर्ध्यात मात्र दोन्ही जाती एकत्र, आणि तिथे जो ऐकतो तोच उपाशी राहतो. वेळापत्रकवाला बोलतच राहतो, ऐकणारा थांबतच राहतो. सभ्यपणा हा जिथे ऐच्छिक असतो तिथे तो महागात पडतो, हे मी रेडिओबद्दलच बोलतेय. पुढे हाच वाद ५ गिगाहर्ट्झमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला, मोबाईल कंपन्यांना तिथे एलटीई-यू, म्हणजे विनालायसन्स बँडमध्ये चालणारं मोबाईलचं एलटीई, आणायचं होतं आणि वायफायवाले म्हणत होते आमची गळचेपी होईल, शेवटी एकमेकांशेजारी कसं चालतं याची चाचणी ठरवून दिल्यावरच २०१७ मध्ये त्या उपकरणांना परवानगी मिळाली.

तशी ही कटकट शंभर वर्षं जुनी आहे. १९२६ मध्ये शिकागोच्या झेनिथ कंपनीच्या रेडिओ स्टेशनने सरकारने दिलेली लहर सोडून कॅनडासाठी राखलेली लहर बळकावली, कोर्टाने सांगितलं सरकारला अडवायचा अधिकारच नाही, आणि मग जो तो वाट्टेल तिथे उडी मारायला लागला. त्याच वर्षी इलिनॉयच्या एका कोर्टात शिकागोतल्याच दोन स्टेशनांचं भांडण गेलं, तिथे मात्र कोर्टाने आधीपासून त्या लहरीवर असलेल्या स्टेशनचा हक्क मान्य केला. आधी आला त्याचा हक्क! मग १९२७ चा रेडिओ ॲक्ट आला आणि लहरींवर कुणाचीच मालकी नाही, फक्त परवाना, असं ठरलं. आमच्यासारख्यांना त्या इलिनॉयच्या न्यायाधीशाची अधूनमधून आठवण येते.

बरं, हे सगळे वाद निदान आपापसातले. विनालायसन्सवाल्यांनी जे पोर्तो रिकोत केलं त्याची मला खरोखर चीड येते. विमानतळांजवळ हवामानाची डॉप्लर रडार असतात, ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये, उतरणाऱ्या विमानाला खाली ढकलणारे वारे ओळखण्यासाठी. ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ तिथे वापरायचे असतील तर त्यांनी रडारचा सिग्नल ओळखून आपणहून दुसऱ्या चॅनलवर जायचं असतं, डीएफएस म्हणतात त्याला. आता डीएफएस चालू असलं की रेडिओ मध्येच चॅनल सोडतो, ग्राहक तुटतात, फोन येतात. मग काही शहाण्यांनी ते बंदच केलं, सेटिंगमध्ये देश बदलला की झालं. पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनच्या रडारच्या पडद्यावर एका दिशेला उजळ पट्टे दिसायला लागले, त्या रेषेत वारा कसा वाहतोय ते कळायला मार्ग नाही. एफसीसीची माणसं गाडी घेऊन फिरली, टॉवर शोधले, हजारो डॉलरचे दंड ठोकले. २०१० मध्ये सूचना आली की अशा रडारच्या पस्तीस किलोमीटरच्या आत असाल किंवा ते थेट दिसत असेल तर त्याच्या फ्रिक्वेन्सीपासून निदान तीस मेगाहर्ट्झ लांब राहा. प्रोव्हायडरांच्या संघटनेने, विस्पाने, आपले टॉवर स्वतःहून नोंदवायला डेटाबेसही उघडला. पण नाव जायचं ते गेलं. आजही लहान प्रोव्हायडर काही नवीन मागायला गेले की कोणीतरी ती रडारची गोष्ट काढतंच.

तर ३६५० चं पुढे काय झालं. २०१५ मध्ये एफसीसीने खालचे शंभर मेगाहर्ट्झ जोडून ३५५० ते ३७०० असा दीडशेचा बँड केला, सीबीआरएस नावाचा, आणि भांडणं मिटवायचं काम कॉम्प्युटरला दिलं. तीन पायऱ्या. सगळ्यात वर जुने लोक, नौदलाची रडार आणि सॅटेलाइट स्टेशनं. मधे लिलावात पैसे भरलेले, त्यांना पाल म्हणतात. तळाला फुकटे, त्यांना जीएए. कुठलाही टॉवर आधी सास नावाच्या ऑनलाइन यंत्रणेला आपला ठावठिकाणा, उंची, दिशा सगळं कळवणार आणि तिने हो म्हटलं तरच बोलणार. किनाऱ्यावर सेन्सर बसवले, जहाजाचं रडार दिसलं की पाच मिनिटांच्या आत त्या भागातला तो चॅनल रिकामा. माहिती भरणारा माणूस परीक्षा पास झालेला लागतो, म्हणजे अँटेना एकीकडे आणि नोंद दुसरीकडे हा खेळ जरा तरी अवघड झाला. जुन्या ३६५० वाल्यांना २०२० पर्यंत, काहींना लायसन्स संपेपर्यंत, संरक्षण दिलं, पण अट अशी की टॉवर एप्रिल २०१५ पर्यंत नोंदवलेला हवा आणि एप्रिल २०१६ पर्यंत खरोखर चालू हवा. नुसत्या कागदावर उभे केलेले टॉवर तिथेच गळले.

२०२० च्या लिलावात सत्तर मेगाहर्ट्झचे पाल परवाने काऊंटीप्रमाणे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या तुकड्यांनी, विकले, दहा-दहा मेगाहर्ट्झचे, २२,६३१ पैकी २०,६२५ गेले आणि सरकारला साडेचार अब्ज डॉलरच्या वर मिळाले. काऊंटी एवढा लहान तुकडा ठेवल्यामुळे काही ग्रामीण प्रोव्हायडरांनाही परवाने घेता आले, हे चांगलंच झालं, आधी मोठ्या कंपन्यांचा हट्ट होता तुकडे मोठे करा म्हणून. पालवाल्याच्या हद्दीत दुसऱ्याचा सिग्नल किती असावा याला आकडा आहे, उणे ८० डीबीएम दर दहा मेगाहर्ट्झला. वाद झाला तर बोट ठेवायला जागा आहे. मला हवं होतं ते हेच, नुसतं सहकार्य करा नाही, एक आकडा.

पण तळाच्या पायरीवर? नियम उघडून वाचा. जीएएवाल्याने दुसऱ्या जीएएवाल्यापासून संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये, आणि जास्त पॉवरवाल्यांनी फ्रिक्वेन्सी निवडताना एकमेकांशी सहकार्य करावं. आलं का परत! सासला दिसतं की आम्ही दोघे एकमेकांवर पडतोय, पण ते दोघांनाही हो म्हणतं, कारण आमच्यात निवाडा करायला त्याला सांगितलेलंच नाही. उद्योगातल्या लोकांनी बसून टीडीडीच्या ठराविक वाटण्या आणि शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची पद्धत ठरवलीय, चांगली आहे, पण ती मानायची सक्ती एफसीसीची नाही. शिवाय पॉवर वाढली. दहा मेगाहर्ट्झला ३६५० मध्ये दहा वॉट होते, सीबीआरएसच्या मोठ्या टॉवरला पन्नास. सात डेसिबल. वर जे उणे ७० आले होते ते आता उणे ६३ धरा, चॅनल तेवढ्याच रुंदीचा असला तर.

आणि २०२४ मध्ये एफसीसीने विचारणा काढली की याहून जास्त पॉवर द्यावी का. मोठ्या मोबाईल कंपन्यांना हवीच आहे, त्यांच्या इतर बँडसारखी. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, कमी टॉवरमध्ये जास्त मुलूख झाकला जातो. पण माझं ठाम म्हणणं असं की पॉवर वाढवायचीच असेल तर त्याच वाक्यात घड्याळ आणि वाटणी सक्तीची करा, जीएएलासुद्धा, आणि ज्याला वेगळी वाटणी हवी त्याने शेजाऱ्याची लेखी संमती आणावी. ती अट नसेल तर पन्नास वॉटच राहू द्या. आमच्या त्या शेजाऱ्याशी आता पुन्हा बोलणं चालू आहे, दोघेही सीबीआरएसवर आलोय, त्यांचे कॅमेरे दुपटीने वाढलेत, आमच्या लोकांना आता घरून काम म्हणून अपलोड हवाय, त्यामुळे साठ-चाळीसच्या आसपास काहीतरी जमेल असं दिसतंय. फक्त त्यांचा रेडिओ साठ-चाळीस देतच नाही, त्यात ठराविक तीन-चारच पर्याय आहेत, त्यामुळे आता आम्ही दोघे मिळून त्यांच्या रेडिओ कंपनीच्या मागे लागलोय.